कुत्र्या-मांजरांच्या दातांचे एक्स-रे: पूर्ण तोंडाचे की संशय असेल तिथलेच?

दंतमूळ

कुत्र्याला ४२ दात, मांजराला ३०. ओठ उचलून पाहिलं की दिसतात ते नुसते माथे. मुळं, मुळांभोवतीचं हाड आणि दातातली मज्जा हे सगळं हिरडीखाली. सुळ्याचं तर मूळच माथ्यापेक्षा लांब असतं. म्हणून भूल देऊन दात साफ करताना एक्स-रे काढायचाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चर्चा हवी आहे ती पुढच्या प्रश्नावर: प्रत्येक जनावराच्या पूर्ण तोंडाचे काढायचे, की जिथे प्रोब (हिरडी आणि दात यांच्यामधली खोली मोजायची बारीक सळई) खोल गेला, दात हलला, तुटला तिथलेच?

माझं मत पूर्ण तोंडाच्या बाजूने. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांचा १९९८चा अभ्यास बहुतेकांना माहीत असेल. डोळ्यांनी आणि प्रोबने ज्या दातांत काही सापडलं नव्हतं, त्यांच्या एक्स-रेत उपचार बदलेल अशी गोष्ट २७.८ टक्के कुत्र्यांत आणि ४१.७ टक्के मांजरांत निघाली. हे 'चांगल्या' वाटलेल्या दातांबद्दल आहे हे ध्यानात घ्या. संशय नसलेली जागा सोडून द्यायची तर हे सगळं सुटणार.

तुमच्याकडे काय पद्धत आहे आणि का, ते लिहा.

जुना_प्रोब

थोडा विरोध नोंदवतो. एक्स-रे दोन मितींचं चित्र आहे. दाताच्या पुढच्या-मागच्या बाजूचं हाड त्यात छान दिसतं, पण गालाकडचं आणि टाळूकडचं हाड मुळाच्या सावलीत झाकलं जातं. उत्तम उदाहरण म्हणजे वरच्या सुळ्याची टाळूकडची बाजू. डॅक्सहुंडसारख्या लांब नाकाच्या कुत्र्यांत तिथे खोल खिसा होतो, नाक आणि तोंड यांच्यात भोक पडतं, जनावर शिंकत राहतं, नाकातून रक्त येतं. एक्स-रे मात्र बिनघोर! तिथे फक्त प्रोब सापडवून देतो.

तेव्हा पूर्ण तोंडाचे एक्स-रे काढले म्हणून प्रोबिंग उरकून टाकलं असं होऊ नये. प्रत्येक दाताभोवती किमान ४ ते ६ जागी प्रोब गेलाच पाहिजे. कुत्र्यात ३ मिमीपर्यंत ठीक, मांजरात अर्धा ते १ मिमी. त्यापुढे गेला की खिसा. आणि भुलेची मिनिटं मर्यादित असतील तर मी ती आधी प्रोबला देईन.

मार्जारनेत्र

कुत्र्यांबद्दल वाद घाला, पण मांजराच्या बाबतीत संशय असेल तिथलाच एक्स-रे हे मला पटत नाही. मांजरांत दात विरघळण्याचा आजार (टूथ रिसॉर्प्शन) इतका आढळतो आणि इतका हिरडीखाली लपतो, की मूळ निम्मं गेलं तरी वरून गुलाबी हिरडीचा एक ठिपका दिसतो, कधी तोही नाही. सुरुवात बऱ्याचदा खालच्या ३०७ आणि ४०७पासून (डावी आणि उजवी तिसरी उपदाढ; दात क्रमांकात पहिला अंक जबड्याची बाजू, पुढचे दोन दाताची जागा) होते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे उपचार ठरतो तो एक्स-रेवरूनच. पहिल्या प्रकारात मुळाभोवतीची काळी बारीक रेघ (मूळ आणि हाड यांच्यामधला अस्थिबंध) शाबूत असते, मूळ हाडापेक्षा वेगळं उठून दिसतं, पण माथ्याशी किंवा मानेशी खड्डा असतो. इथे दात मुळासकट पूर्ण निघायला हवा. दुसऱ्या प्रकारात ती रेघच नाहीशी होते. मूळ हाडात मिसळून त्याच करड्या रंगाचं होतं, नुसतं भूत उरतं. तिथे मूळ उकरायला गेलात तर जबडा फुटेल आणि मूळ काही निघणार नाही, कारण काढण्यासारखं मूळ राहिलेलंच नसतं. तिसऱ्या प्रकारात एकाच दाताचं एक मूळ असं, दुसरं तसं.

डोळ्यांना हे तिन्ही एकसारखे दिसतात.

नवशिक्या_व्हेट

दुसऱ्या प्रकारात फक्त माथा कापून मूळ आत सोडतात ना? ते नक्की कधी चालतं?

मार्जारनेत्र

@नवशिक्या_व्हेट, अटी कडक आहेत. मुळाच्या टोकाशी काळी सावली नको, हिरडीच्या आजाराने हाड खचलेलं नको, मज्जेचा आजार नको, आणि त्या मांजराला तोंड येण्याचा जुनाट आजार (स्टोमॅटायटिस) नको. शेवटची अट विसरली जाते. स्टोमॅटायटिस असेल तर मुळाचा प्रत्येक तुकडा निघालाच पाहिजे, नाहीतर दाह धुमसत राहतो.

कृती: हिरडीची छोटी झडप उचला, पाण्याच्या फवाऱ्याखाली हायस्पीड बरने (दात कापायच्या फिरत्या टोकाने) माथा कापा, हाडाच्या कडेच्या साधारण १ ते २ मिमी खाली जा, कडा गुळगुळीत करा, झडप ताण न येता शिवा. मग पुन्हा एक्स-रे. 'माथा कापला, मूळ मुद्दाम ठेवलं' असं कागदावर स्पष्ट लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला ते चुकून राहिलेलं मूळ वाटणार नाही.

टेक्निशियन_ताई

पूर्ण तोंडाला वेळ फार जातो ही तक्रार बहुतेक वेळा कोन जमत नसल्यामुळे असते. एकच दात चार वेळा घ्यावा लागला की पाऊण तास जातोच. हात बसला असेल तर मांजराच्या ८ ते १० आणि मध्यम कुत्र्याच्या १० ते १४ प्रतिमा १०-१५ मिनिटांत होतात. कोनांचं गणित लिहिते.

खालच्या मागच्या दाढा: सगळ्यात सोपं. सेन्सर (किरण टिपणारी पट्टी) जीभ आणि दात यांच्यामध्ये उभा सरकवायचा, दाताला समांतर. किरण दोघांवर काटकोनात. सेन्सरची खालची कड जबड्याच्या खालच्या कडेपलीकडे जाईल इतका दाबा, नाहीतर मुळांची टोकं कापली जातात.

बाकी सगळीकडे सेन्सर दाताला समांतर बसतच नाही, टाळू आड येतो. तिथे अर्धकोनाची पद्धत. दाताची (मुळासकट) रेघ आणि सेन्सरची रेघ यांच्यामधला कोन मनात अर्धा करा आणि किरण त्या अर्ध्या रेघेवर काटकोनात सोडा. वरच्या चौथ्या उपदाढेत सेन्सर टाळूवर आडवा, दात जवळपास उभा, म्हणून ट्यूब (किरण सोडणारा भाग) ४५ अंशांवर.

चूक झाली तर ऊन आठवा. सकाळचं तिरपं ऊन तशी सावली लांब, माध्यान्हीचं ऊन तशी सावली आखूड. दात लांबलचक आला तर किरण दाताकडे जास्त काटकोनात गेला, ट्यूब सेन्सरकडे वळवा. दात बुटका आला तर उलट.

सुळ्याला फसायला होतं ते मूळ मागे वळतं म्हणून. वरच्या सुळ्याच्या मुळाचं टोक दुसऱ्या उपदाढेच्या वर असतं. सेन्सर माथ्याखाली ठेवलात तर टोक चित्रात येणारच नाही. सेन्सर मागे सरकवा आणि नेम दुसऱ्या उपदाढेच्या वर धरा.

जुना_प्रोब

ताई, मांजराच्या वरच्या दाढांचं काय? ४५ अंशांवर गालाचं हाड थेट १०८वर (वरच्या उजव्या चौथ्या उपदाढेवर) येऊन बसतं.

टेक्निशियन_ताई

बरोबर, तिथे ४५ अंश चालत नाहीत. सेन्सर तोंडाबाहेर घ्यायचा. मांजर कुशीवर, हवी ती बाजू खाली, सेन्सर त्या गालाखाली टेबलावर. तोंड उघडं ठेवून किरण उघड्या तोंडातून तिरपा, साधारण ३० अंशांनी, म्हणजे वरच्या बाजूच्या दाढा वाटेतून हटतात आणि खालच्या सेन्सरवर मोकळ्या पडतात. ही प्रतिमा तोंडाबाहेरून घेतली आहे हे लगेच नोंदवा, नाहीतर डावं-उजवं उलटं वाचलं जातं आणि भलताच दात निघतो.

तोंड उघडं ठेवायला स्प्रिंगचा गॅग मांजराला वापरू नका. जबडा ताणून उघडला की मेंदू आणि डोळ्यांकडे जाणारी रक्तवाहिनी दबते आणि मांजर भुलेतून आंधळं उठू शकतं. सुईच्या टोपणाचा कापलेला छोटा तुकडा पुरतो, आणि तोही काम झाल्याबरोबर काढायचा.

भूलशास्त्री

ताईंच्या शेवटच्या परिच्छेदाला जोरदार अनुमोदन. त्यात भर: मांजराला कूस बदलताना श्वासनलिकेतली भूलनळी आधी सर्किटपासून (भूलयंत्राच्या नळ्यांपासून) सोडवा, मग वळवा, मग जोडा. नळी जोडलेली असताना वळवलं की तिचं टोक श्वासनलिकेत फिरतं आणि आतून फाडतं. पूर्ण तोंडाच्या एक्स-रेत दोन-तीनदा कूस बदलली जाते, म्हणून इथे सांगतोय. कफही (नळीभोवतीचा फुगा) गरजेपुरताच फुगवायचा, पण फुगवायचाच. सगळं पाणी आणि कीटण घशाकडेच वाहतं.

कॅप्नोग्राफ (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र), रक्तदाब, तापमान या तिन्हींवर नजर. तोंड ओलं, डोकं ओलं, छोटं जनावर झपाट्याने गार पडतं.

पाळीव_पालक

भूल न देता दात साफ करून देणारे आहेत. त्यांच्याकडे एक्स-रे जागेपणी काढता येत नाही का?

भूलशास्त्री

नाही. सेन्सर जिभेशेजारी धरून जागं कुत्रं स्थिर राहत नाही, आणि तो माणसाने बोटांनी धरणं किरणांच्या नियमांत बसत नाही. जागेपणी होतं ते दिसणाऱ्या भागावरचं कीटण खरवडणं. आजार हिरडीच्या कडेखाली असतो, तिथे हत्यार पोचतच नाही. दात पांढरे दिसतात, पालक निश्चिंत होतात आणि हाड खालून झिजत राहतं. अमेरिकन व्हेटर्नरी डेंटल कॉलेजची आणि जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेची भूमिका याविरुद्ध स्पष्ट आहे.

काळा_पांढरा_करडा

प्रतिमा काढण्याइतकंच ती वाचण्यात चुकायला होतं. नेहमीचे चकवे:

खालच्या जबड्यात पुढे हनुवटीची छिद्रं असतात, नस बाहेर पडण्याची. मधलं छिद्र दुसऱ्या उपदाढेच्या मुळाखाली काळ्या गोलासारखं येतं आणि गळू समजून चांगला दात काढला जातो. ट्यूब थोडी पुढे-मागे करून दुसरी प्रतिमा घ्या. छिद्र असेल तर गोल मुळापासून सरकेल, गळू मुळाला चिकटून राहील.

वरच्या पटाशीच्या दातांच्या आणि सुळ्यांच्या टोकाशी बाणाच्या फाळासारखी टोकदार काळी सावली बऱ्याचदा निरोगी असते. आजाराची सावली गोलसर, फुगीर. फाळ की फुगा, एवढं आधी विचारा.

उलट बाजूही सांगतो. हाडातलं तिसरा हिस्सा ते निम्मं खनिज गेल्याशिवाय एक्स-रेला फरक दिसत नाही. काल तुटून मज्जा उघडी पडलेला दात आज एक्स-रेत छान दिसेल. म्हणून तो छान नाही. मज्जा उघडी असेल तर रूट कॅनाल किंवा काढणं, यातलं एक करायलाच लागतं.

नवशिक्या_व्हेट

आणि तुटलेला नाही, पण जांभळा-करडा पडलेला सुळा? एक्स-रेत टोकाशी काहीच नाही.

काळा_पांढरा_करडा

दुसऱ्या बाजूच्या सुळ्याचा एक्स-रे त्याच कोनातून घ्या आणि मज्जेच्या नळीची रुंदी शेजारी ठेवून बघा. जिवंत दात वयाबरोबर आतून भिंत जाड करत जातो, नळी अरुंद होते. दात मेला की ते थांबतं. म्हणून पाच वर्षांच्या कुत्र्यात एक नळी बारीक आणि दुसरी ऐसपैस असेल, तर ऐसपैस नळीचा दात पूर्वीच मेलेला. रंग बदललेल्या दातांतल्या बहुतेकांची मज्जा मेलेलीच असते, टोकाशी सावली असो वा नसो.

बघा, ही तुलना करायची तर 'निरोगी' बाजूचाही एक्स-रे लागतोच. मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

दंतमूळ

नेमकं! आणखी एक जागा: नसलेला दात. खालची पहिली उपदाढ (३०५, ४०५) दिसत नसेल तर 'उगवलीच नाही' असं लिहून पुढे जाऊ नका. ती हाडात अडकली असेल तर तिच्याभोवती पाण्याची गाठ वाढते, आणि बाहेर सूज यायच्या आत जबड्याचं हाड पोखरून टाकते. बॉक्सर, पग, शिह त्झू, बुलडॉग अशा चपट्या तोंडाच्या जातींत विशेष. कोवळ्या वयात एक प्रतिमा घेतली तर एक छोटा दात काढून सगळं निस्तरतं.

दुधाचा सुळा पडत नसेल तेव्हाही आधी एक्स-रे. दुधाचं मूळ लांब आणि नाजूक, कायमच्या दाताला खेटून असतं. ते किती विरघळलंय हे बघितल्याशिवाय एलेव्हेटर (दात सैल करायचं हत्यार) घातला तर मूळ मोडतं किंवा शेजारचा कोवळा दात दुखावतो.

जुना_प्रोब

छोट्या कुत्र्यांच्या खालच्या पहिल्या दाढेबद्दल (३०९, ४०९) कुणीच लिहिलं नाही, आणि तिथे तर मी स्वतः एक्स-रेशिवाय हात लावू देणार नाही. चिहुआहुआ, यॉर्कीसारख्या जातींत दाढ जबड्याच्या मानाने अवाढव्य असते, मुळं जवळजवळ जबड्याच्या खालच्या कडेपर्यंत पोचतात. हिरडीच्या आजाराने मुळाभोवतीचं हाड गेलं की जबडा उरतो तो मुळाखालच्या पातळ पट्टीवर. एलेव्हेटर फिरवला की काडकन मोडतो. एक्स-रेत ती पट्टी किती जाड आहे ते बघा, दात मधोमध कापून दोन्ही मुळं वेगळी करा, आणि पालकांना धोका भुलेच्या आधीच सांगा.

नवशिक्या_व्हेट

१०८ची तीन मुळं कधी नीट सुटी दिसत नाहीत. पुढची दोन एकावर एक येतात.

टेक्निशियन_ताई

ट्यूब आडवी सरकवा. नियम असा: आतल्या, टाळूकडच्या मुळाची सावली ट्यूब गेली त्याच दिशेला जाते, गालाकडच्या मुळाची उलट. ट्यूब नाकाकडे नेलीत तर पुढच्या दोघांतलं नाकाकडचं मूळ टाळूचं. डोळ्याखाली सूज घेऊन आलेल्या कुत्र्यात संशय पहिल्यांदा याच दाढेवर असतो, म्हणून तिच्या दोन प्रतिमा ठरवूनच घ्या.

नवा_सेन्सर

उपकरण घेणाऱ्यांसाठी: ताठ डिजिटल सेन्सरवर प्रतिमा दोन-चार सेकंदांत येते आणि सेन्सर जागचा न हलवता कोन सुधारता येतो. शिकणाऱ्याला याचा फार फायदा. पण तो बहुधा २ नंबरच्या मापाचा, मोठ्या कुत्र्याचा सुळा एका चित्रात मावत नाही. फॉस्फर प्लेट ४ नंबरपर्यंत मिळते, पातळ असते, पण प्रत्येक वेळी स्कॅनरमध्ये घाला, पुसा, परत लावा. प्लेट वाकली, चरे पडले की ते प्रत्येक चित्रात दिसतात. उघडल्यावर उजेडात ठेवली तर चित्र फिकं होतं. माणसांच्या दवाखान्यातलं भिंतीवरचं यंत्र उत्तम चालतं, वेगळं जनरेटर लागत नाही. ६०-७० केव्ही (किलोव्होल्ट), आणि वेळ दाताच्या जाडीप्रमाणे.

उभं राहायचं ट्यूबपासून किमान २ मीटर, किरणाच्या दिशेशी ९० ते १३५ अंशांत. समोर कधीच नाही. सेन्सर बोटांनी धरायचा नाही, गॉझची गुंडाळी लावा.

काळा_पांढरा_करडा

अवांतर: रोंटगेनचा शोध नोव्हेंबर १८९५चा. जानेवारी १८९६मध्ये ओटो वाल्कहोफ यांनी स्वतःच्या दातांचं पहिलं चित्र घेतलं, तेव्हा २५ मिनिटं किरणांसमोर बसावं लागलं होतं. आज तेवढ्या वेळात मांजराचं पूर्ण तोंड तपासून होतं आणि मोजायला बसलं तर किरणांचा एकूण वेळ काही सेकंदच भरतो.

ससेहोलपट

सशांसाठी वेगळा धागा काढावा लागेल, पण एक ओळ इथे: सशाचे दात आयुष्यभर वाढतात आणि तोंड इतकं अरुंद की तोंडातला सेन्सर मागच्या दाढांपर्यंत पोचत नाही. तिथे डोक्याच्या बाहेरून घेतलेल्या प्रतिमा लागतात, जमलं तर सीटी. कुत्र्या-मांजराची पद्धत सशाला लावू नका.

पाळीव_पालक

सगळं वाचलं. एवढंच सांगा, पालकाने दवाखान्यात विचारायचं काय?

दंतमूळ

चार गोष्टी विचारा. एक्स-रे पूर्ण तोंडाचे घेणार का. दात काढण्याआधी आणि काढल्यानंतरही घेणार का (मुळाचा तुकडा आत राहिला का हे दुसऱ्यातूनच कळतं). प्रत्येक दाताची प्रोबिंगची नोंद मिळेल का. आणि प्रतिमा तुम्हाला देतील का.

@जुना_प्रोब, तुमचा मुद्दा मी मान्य केला आहे, प्रोब आधी. पण मिनिटं खरंच कमी असतील तेव्हा तुम्ही काय सोडाल?

जुना_प्रोब

३०९-४०९, १०८-२०८, चारही सुळे, आणि जिथे दात असायला हवा पण नाही त्या जागा, एवढं कधीच सोडणार नाही. कुत्र्यात त्यापुढचं त्या दिवशीच्या भुलेवर. मांजरात मात्र मार्जारनेत्र यांचं पटलं. ३०७-४०७ डोळ्यांनी निरोगी ठरवता येत नाहीत, आणि दोन दात घेतले की उरलेल्या प्रतिमांसाठी अडून बसण्यात अर्थ नाही. मांजराचं पूर्ण तोंड.

मार्जारनेत्र

आभार. आणि प्रतिमा जपून ठेवा, दात क्रमांक आणि तारखेसकट. वर्षाने त्याच कोनातून घेतलेली प्रतिमा शेजारी ठेवली की हाडाची कड किती उतरली ते मोजता येतं. मुळाच्या लांबीच्या २५ टक्क्यांपर्यंत आधार गेला असेल तर दात वाचवायला वाव असतो, ५० टक्क्यांवर गेला तर बहुधा काढावाच लागतो. पहिली प्रतिमाच नसेल तर कड खाली उतरतेय की वर्षानुवर्षं तिथेच आहे, हे सांगणार कसं?